पटावरचे नाव आणि वर्गातले स्थान

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

जिल्हा परिषदेच्या शाळांची घटती पटसंख्या, शिक्षकांची रिक्त पदे आणि गळक्या वर्गखोल्या यांविषयी आपल्या दैनिकात वरचेवर लिहून येते, आणि ते यायलाच हवे. मात्र या साऱ्या चर्चेत मुलांची संख्या मोजली जाते. ती मुले कोणत्या घरांतून येतात, घरी कोणती भाषा बोलतात, वर्षातले किती महिने गावात असतात आणि वर्गात त्यांना कोणी नावाने हाक मारते की जातीने, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. प्राथमिक शिक्षक आणि पुढे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका समूहावर (केंद्रावर) देखरेख करणारा अधिकारी, म्हणून माझी सारी नोकरी ग्रामीण आणि आदिवासी भागातील शाळांत गेली. त्या अनुभवावरून मी ठामपणे म्हणू शकतो की, आपल्या सरकारी शाळांनी प्रवेशाचा दरवाजा सर्वांसाठी उघडला आहे, पण आत आलेल्या प्रत्येक मुलाला वर्गात मानाचे स्थान मिळते आहे का, याची विचारणा वरपासून खालपर्यंत कोणी कोणाला करत नाही. राज्यातील ३४ जिल्हा परिषदांनी ही विचारणा आपल्या शिक्षण विभागाच्या नियमित कामकाजात आणि शाळा तपासणीत आणावी, या मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

पटावर नाव असणे आणि मूल वर्गात सामावले जाणे यांत किती अंतर असू शकते, हे महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची गरज नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्यातील शाळेच्या रजिस्टरमध्ये भिवा रामजी आंबेडकर हे नाव नोंदले गेले; हा दिवस राज्य शासन २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. नोंदीच्या दृष्टीने तो प्रवेश पूर्ण आणि नियमाला धरून होता. पण त्या विद्यार्थ्याला वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे, आणि तहान लागली तरी शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी पिता येत नसे. राजर्षी शाहू महाराजांना हे अंतर नेमके उमगले होते. त्यांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले आणि १९१९ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत बरोबरीने बसवण्याचा हुकूम काढला. वेगळी का होईना, त्या मुलांना शाळा आहे, असे म्हणून त्यांना समाधान मानता आले असते. त्यांनी ते मानले नाही.

आजचा कायदाही याच विचाराचा आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या ९ व्या कलमानुसार दुर्बल आणि वंचित घटकांतील बालकांशी भेदभाव होणार नाही याची खात्री करणे आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश देणे ही स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे ग्रामीण भागात जिल्हा परिषदेची, कर्तव्ये आहेत. जमल्यास करावे, निधी असल्यास करावे, अशी सवलत त्या कलमात नाही. त्यामुळे नवीन कायदा करा किंवा नवीन योजना आणा, असे माझे म्हणणे नाही. जे कर्तव्य कायद्याने नेमून दिले आहे, त्याचा हिशेब मागितला जावा, एवढेच म्हणणे आहे.

भाषेपासून सुरुवात करतो, कारण पहिलीच्या वर्गात मूल सर्वांत आधी तिथे अडते. मेळघाटात कोरकू, नंदुरबारच्या सातपुड्यात भिली आणि पावरी, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, यवतमाळच्या काही तालुक्यांत कोलामी, पालघरमध्ये वारली अशा कितीतरी भाषा घराघरांत बोलल्या जातात. या घरांतून आलेल्या सहा वर्षांच्या मुलाला पाठ्यपुस्तकातली मराठी ऐकून थोडीफार कळते, बोलता येत नाही. शिक्षक चित्र दाखवून प्रश्न विचारतात, मूल गप्प राहते, आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ मुलाला येत नाही असा लावला जातो. मी भेट दिलेल्या पाड्यावरच्या एका शाळेत शिक्षकांनी आपल्या परीने यावर उपाय काढला होता. चौथीतल्या एका मुलीला ते पहिलीच्या वर्गात बोलावत. ती त्यांचे वाक्य मुलांच्या भाषेत सांगे आणि मुलांचे उत्तर मराठीत गुरुजींना सांगे. मुले खुलली होती, बोलत होती, बोटांवर मोजून बेरजा सांगत होती. त्या शिक्षकांची तळमळ खरी होती आणि त्या मुलीचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण तेवढा वेळ शेजारच्या खोलीत तिचा स्वतःचा भागाकार पाटीवर अर्धाच राहत होता. प्रशिक्षण घेतलेल्या आणि मानधन मिळणाऱ्या साहाय्यकाने करायचे काम नऊ-दहा वर्षांची मुलगी आपला तास सोडून करत होती, आणि केंद्राच्या अहवालात ना तिच्या कामाची नोंद होती, ना तिच्या बुडालेल्या अभ्यासाची.

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा सारा महाराष्ट्र पेटून उठला. इतक्या लहान वयात मुलावर घराबाहेरची भाषा लादू नये, असे शिक्षणतज्ज्ञांनी, पालकांनी आणि साहित्यिकांनी एकमुखाने सांगितले, आणि जूनच्या अखेरीस शासनाने ते आदेश मागे घेतले. तो युक्तिवाद मला तेव्हाही पटला होता आणि आजही पटतो. पण तो खरा असेल, तर कोरकू किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीतही तितकाच खरा असला पाहिजे. त्या मुलाच्या दृष्टीने शाळेतली मराठी हीच घराबाहेरची भाषा असते. मराठीचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने आपल्याच राज्यातील या लहान भाषांच्या बाजूने सर्वांत आधी उभे राहायला हवे होते. शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावे, असे शिक्षण हक्क कायद्याचे २९ वे कलम सांगते, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही किमान पाचवीपर्यंत हाच आग्रह आहे. ओडिशाने २००७ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांतून सुरुवातीचे वर्ग शिकवायला प्रारंभ केला आणि पुढे ही संख्या २१ वर नेली. आपल्याकडे शब्दसंग्रह, चित्रकोश आणि द्विभाषिक पुस्तिका तयार होतात, त्यांतील काही खरोखर चांगल्या असतात. परंतु त्या शाळेत पोचतात तेव्हा त्या वापरायच्या कशा हे सांगणारे माणूस सोबत येत नाही, आणि शिक्षकाची बदली झाली की त्या कपाटात जातात. दहावी-बारावी झालेले, ती भाषा जन्मापासून बोलणारे तरुण-तरुणी प्रत्येक पाड्यावर आहेत. पहिली आणि दुसरीच्या वर्गांसाठी भाषा-साहाय्यक म्हणून त्यांची नेमणूक करणे ही जिल्हा परिषदेच्या आवाक्याबाहेरची गोष्ट नाही.

दुसरा मोठा प्रश्न स्थलांतराचा आहे, आणि त्याच्याकडे पाहिले की नोंदी आणि वास्तव यांतली दरी सर्वांत स्पष्ट दिसते. बीड आणि मराठवाड्यातील इतर जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. रायगड आणि पालघरमधील कातकरी कुटुंबे याच काळात वीटभट्ट्यांवर जातात. म्हणजे शाळेचे जवळजवळ सगळे दुसरे सत्र ही मुले गावात नसतात. अशा वेळी मूळ गावच्या शाळेत त्यांचे नाव पटावर राहते. नाव कमी केले तर मूल शाळाबाह्य ठरते आणि पट घसरला तर संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदे ठरवताना, शिक्षकाचे पद जाते, त्यामुळे मुख्याध्यापकाचीही कोंडी होते. मूल फडावर असते, नाव वर्गात असते, आणि कागदावर सर्व काही ठीक असते.

यावर उपाय झालेच नाहीत, असे मी म्हणणार नाही. मुले आजी-आजोबांकडे गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहे सुरू झाली, ती शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालतात आणि जिथे मनापासून चालवली गेली तिथे त्यांनी शेकडो मुलांचे वर्ष वाचवले आहे. स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावी शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्डाची पद्धत आली. बालरक्षक म्हणून काम करणाऱ्या शिक्षकांनी ऊसतोड मजुरांच्या कोपीकोपीवर (झोपडीझोपडीवर) जाऊन मुले शाळेत आणली आहेत, आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. अडचण वेगळी आहे. वसतिगृहाची मंजुरी टोळी गावातून निघून गेल्यावर येते, हे मी स्वतः पाहिले आहे, आणि त्या उशिराबद्दल कोणालाही जाब विचारला गेल्याचे मात्र पाहिले नाही. गाडीत बसलेली मुले मंजुरीच्या पत्रासाठी परत येत नाहीत. त्यातही मोठ्या होत चाललेल्या मुलीला म्हाताऱ्या माणसांच्या भरवशावर गावात ठेवायला आईवडील धजावत नाहीत. ते तिला सोबत नेतात, आणि फडावर आईबाप कोयता चालवत असताना कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे काम तिच्या वाट्याला येते. या मुलीसाठी सुरक्षित निवासाची सोय नसेल, तर बाकीची सोय तिच्यापर्यंत पोचतच नाही.

जिथे टोळी उतरते, त्या गावच्या शाळेचे काय? शिक्षण हक्क कायद्याच्या ५ व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, दाखला मिळायला उशीर झाला या कारणाने दुसऱ्या शाळेत प्रवेश नाकारता किंवा लांबवता येणार नाही. प्रत्यक्षात मी असे वर्ग पाहिले आहेत जिथे ही मुले मागच्या भिंतीला टेकून बसलेली असतात, हजेरीपटावर त्यांचे नाव नसते, दुपारच्या खिचडीत त्यांचा तांदूळ कोणत्या शाळेच्या हिशेबात धरायचा यावर खल चालतो, आणि गावातली मुले त्यांना 'ती उसावरची' म्हणतात. एक शिक्षिका मला आठवतात. त्यांनी पहिल्याच दिवशी या मुलांची नावे फळ्यावर लिहिली, त्यांच्या गावांची नावे नकाशावर शोधायला वर्गाला सांगितले आणि बाकांवरची जागा बदलून टाकली, म्हणजे प्रत्येक नव्या मुलाशेजारी एक जुने मूल आले. यासाठी त्यांना कोणताही शासन निर्णय लागला नाही, हे खरे. पण सगळीकडे असे घडावे असे वाटत असेल, तर ते एखाद्या शिक्षिकेच्या चांगुलपणावर सोडून भागणार नाही. कारखाने कुठे आहेत आणि टोळ्या कोणत्या तालुक्यात उतरणार आहेत, हे दरवर्षी आधीच माहीत असते. ज्या जिल्ह्यातून मुले जातात आणि ज्या जिल्ह्यात ती उतरतात, त्या दोन जिल्हा परिषदांच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी सप्टेंबरातच याद्यांची देवाणघेवाण का करू नये?

याच मुलांना आधारच्या अटीचाही फटका बसतो. शाळेत प्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या सप्टेंबरमध्ये सांगितले. आपल्याकडे प्रवेश नाकारला जात नाही. पण संचमान्यता करताना ज्यांचे आधार वैध ठरले तेवढीच मुले मोजण्याची पद्धत पडली. जन्माचा दाखला नसलेले पारधी वस्तीवरचे मूल रोज शाळेत येते, शिकते, जेवते, तरी शिक्षकांची पदे ठरवताना ते गणतीत नसते. याचा परिणाम असा की, अशा मुलांना आपुलकीने सामावून घेणाऱ्या शाळेचेच नुकसान होते.

दिव्यांग मुलांच्या बाबतीत कायदा आणखी पुढे गेला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाची नोंद आहे, आणि या मुलांना इतर मुलांसोबत शिकण्याची संधी देणे हे शासनमान्य शाळांचे कर्तव्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वसाधारण शाळांतील विशेष शिक्षकांचे प्रमाण प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक असावे, असे सांगितले. आपल्याकडे फिरते विशेष शिक्षक कंत्राटावर अनेक शाळा सांभाळतात, आणि त्यांची भेट ही त्या मुलासाठी अधूनमधून येणारी घटना असते. आपली मानसिकता उतरणीच्या रस्त्यात, म्हणजे रॅम्पमध्ये, उघड दिसते. नियम असा की, एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबीची उतरण हवी. दोन फूट उंच जोत्याच्या शाळेला ती चोवीस फूट लांब करावी लागेल. मी पाहिलेल्या कितीतरी शाळांत ती जेमतेम सात-आठ फुटांची होती. कठडा नव्हता, वर गुळगुळीत फरशी होती, आणि ती ओसरीवर चढून संपत होती. तिथून वर्गात जायला पुन्हा उंबरा, आणि स्वच्छतागृहाचे दार चाकाची खुर्ची आत जाणार नाही इतके अरुंद. निधी खर्च झाला, छायाचित्र अपलोड झाले, रकान्यात 'आहे' अशी नोंद झाली. पायाने अधू असलेले मूल मात्र पूर्वीसारखेच भावाच्या पाठीवरून वर्गात येत राहिले, आणि भाऊ पाचवी होऊन दुसऱ्या शाळेत गेला त्या वर्षी त्याचे येणे थांबले. उतरण बांधल्यावर प्रत्यक्ष त्या मुलाला तिच्यावरून एकदा जायला लावून मगच देयक मंजूर करावे, हा साधा नियम कोणती जिल्हा परिषद करू शकणार नाही? वाचनात अडखळणाऱ्या, अक्षरे उलटसुलट दिसणाऱ्या मुलांचा तर उल्लेखही होत नाही. ती 'मठ्ठ' या एका शब्दाखाली गाडली जातात.

जातीविषयी लिहिताना काही वाचकांना वाटेल की, हे आता जुने झाले. उघड शिवाशिव पुष्कळ कमी झाली, ही समाधानाची गोष्ट आहे. तरीही शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचा दिवस आठवून पाहा. वर्ग भरलेला असतो आणि शिक्षक मोठ्याने प्रवर्गांची नावे घेऊन त्या त्या मुलांना उभे राहायला सांगतात. त्यांच्या मनात काही वाईट नसते, त्यांना अर्ज वेळेत भरायचे असतात. पण आठ-नऊ वर्षांच्या ज्या मुलाला तोवर आपली जात शाळेत महत्त्वाची आहे हे ठाऊक नव्हते, त्याला ते त्या क्षणी कळते, आणि त्याच्या शेजारच्यालाही कळते. हेच काम पालकांना बोलावून किंवा मुलांची वैयक्तिक यादी पाहून करता येते. गणवेशाचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. अनेक वर्षे मोफत गणवेश सर्व मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुले आणि दारिद्र्यरेषेखालील मुले यांनाच मिळत असे. एकाच बाकावरच्या दोघांपैकी एकाला कापड मिळे आणि दुसरा बघत राही. २०२३ मध्ये राज्य शासनाने उरलेल्या मुलांनाही त्यात घेतले, तेव्हा सरसकट देण्यामुळे कोणाचेही वेगळेपण उघडे पडत नाही, हे दिसून आले. त्या निर्णयाचे श्रेय शासनाला मोकळ्या मनाने दिले पाहिजे. याउलट, दुर्बल घटकांतील मुलींसाठी १९९२ मध्ये सुरू झालेला उपस्थिती भत्ता तीन दशके उलटून गेल्यावरही दिवसाला एक रुपयाच राहिला. एका रुपयासाठी त्या मुलीची जात, तिचे दारिद्र्य आणि तिची हजेरी तिन्ही तपासली जावीत, हे मला क्लेशदायक वाटते.

विमुक्त जमातींच्या मुलांचे दुःख आणखी वेगळे आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने लावलेला शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायद्यातून पुसला गेला. वर्गात कोणाची कंपासपेटी हरवली की पहिले दप्तर कोणाचे तपासले जाते, हे मात्र त्या वस्तीवरचे प्रत्येक मूल सांगू शकेल. गावात तणाव झाला की मुसलमान मुलाला वर्गमित्रांकडून ऐकावे लागणारे शब्द, चालण्या-बोलण्यावरून ज्याची टिंगल होते आणि सातवी-आठवीत जो शाळाच सोडून देतो असा मुलगा, यांच्या बाबतीतही शाळेने गप्प राहणे म्हणजे टिंगल करणाऱ्यांना मुभा देणेच होय. मुख्याध्यापकाने परिपाठात नाव न घेता, पण स्पष्ट शब्दांत हे इथे चालणार नाही असे सांगितले, तर मुले ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

सर्वसमावेशक शाळेची चर्चा आपण बहुतेक वेळा वंचित मुलांपुरती करतो, आणि तिथे एक महत्त्वाची गोष्ट सुटते. जिल्हा परिषदेच्या शाळेत एके काळी पाटलाचे, शिक्षकाचे, दुकानदाराचे आणि शेतमजुराचे मूल एकाच सतरंजीवर बसत असे. आज ऐपत असलेल्या घरांची मुले पिवळ्या बसने तालुक्याला जातात आणि गावच्या शाळेत ज्यांना दुसरा पर्याय नाही तीच मुले उरतात. शाळेतली विविधता अशी दोन्ही बाजूंनी आटते. खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांसाठी राखून ठेवण्याची शिक्षण हक्क कायद्यातील तरतूद याच दरीवरचा पूल होती. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना त्यातून सूट दिली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ती अधिसूचना रद्द केली, हे फार चांगले झाले. जवळ सरकारी शाळा आहे ना, मग गरिबाच्या मुलाने तिथेच जावे, हा विचार वेगळ्या शाळांच्या जुन्या विचाराचा नातेवाईक आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे एकत्रीकरण करून समूह शाळा उभारण्याचा जो प्रस्ताव २०२३ मध्ये पुढे आला, त्याकडेही याच नजरेने पाहावे लागेल. अशा शाळा राज्यात १४ हजारांहून अधिक आहेत, आणि त्यांतील पुष्कळशा पाड्यांवर, तांड्यांवर आणि धनगरवाड्यांवर आहेत. मोठ्या शाळेत सोयी अधिक आणि सोबतही अधिक, हे मान्य. पण ओढा ओलांडून जावे लागणार असेल, तर सर्वांत आधी मुलीची आणि दिव्यांग मुलाची शाळा सुटेल. वाहनाची हमी लेखी आणि कायमची नसेल, तर वस्तीवरची शाळा हलवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिक्षक बंधू-भगिनी म्हणतील की, आमच्यावर आधीच माहिती भरण्याचे, मतदार याद्यांचे आणि सर्वेक्षणांचे ओझे आहे, त्यात हे नवे कशाला. त्यांचे म्हणणे रास्त आहे. चार वर्ग एकट्याने सांभाळणाऱ्या शिक्षकाकडून भाषा, स्थलांतर आणि दिव्यांगत्व या सर्वांची तज्ज्ञता मागणे अन्यायाचे होईल. म्हणूनच माझी मागणी शाळेकडून आणखी एक तक्ता भरून घेण्याची नाही, ती तपासणाऱ्यांकडे आहे. केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी शाळेत जातात, तेव्हा त्यांनी नोंदवह्या बाजूला ठेवून वर्गात बसावे, मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या मुलाशी बोलावे, पंगतीत कोण कोणाशेजारी बसते हे पाहावे, उतरणीवरून खुर्ची जाते का हे तपासावे, आणि जे दिसले त्याचा अहवाल वरिष्ठांना द्यावा. त्या अहवालावर शिक्षकाला नोटीस न बजावता त्याला काय हवे आहे हे विचारले जावे, आणि तालुक्याने ते किती दिवसांत पुरवले याची नोंद शाळेऐवजी तालुक्याच्या नावावर व्हावी.

शाळा व्यवस्थापन समितीकडेही लक्ष द्यावे लागेल. शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमानुसार समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या महिला असाव्यात आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना मुलांच्या प्रमाणात स्थान असावे. कागदावर हे सर्व असते. पण बैठक सकाळी अकराला ठेवली तर मजुरीवर गेलेली आई येणार कशी? तिचा अंगठा किंवा सही मागाहून घरी जाऊन घेतली जाते. बैठक संध्याकाळी, वस्तीवर आणि तिला समजणाऱ्या भाषेत झाली, तर शाळेविषयी ज्या गोष्टी कोणत्याही अधिकाऱ्याला दिसत नाहीत, त्या ती पाच मिनिटांत सांगेल.

पैशाचे कारणही फार काळ पुढे करता येणार नाही. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातील २० टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावी लागते. या रकमेतून शिलाई यंत्रे, सायकली, ताडपत्र्या यांचे वाटप होते; तेही गरजूंना उपयोगी पडते. त्यातला ठरावीक वाटा भाषा-साहाय्यकांच्या मानधनासाठी, योग्य मापाच्या उतरणीसाठी आणि ऊसतोड कामगारांच्या मुलींच्या निवासासाठी ठेवण्याचा ठराव शिक्षण समितीला करता येतो. २०२२ नंतर अनेक जिल्हा परिषदांत दीर्घ काळ प्रशासकच कारभार पाहत होते आणि लोकांनी निवडून दिलेली शिक्षण समिती अस्तित्वातच नव्हती, ही या विषयाची मोठी हानी ठरली. माझी प्रत्येक जिल्हा परिषदेला विनंती आहे की, तिने नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी आपल्या जिल्ह्यातील किती मुले घरी मराठीखेरीज दुसरी भाषा बोलतात, किती मुले दुसऱ्या सत्रात गाव सोडतात, आधार नाही म्हणून किती मुले संचमान्यतेत मोजली गेली नाहीत आणि किती दिव्यांग मुले पटावर असूनही घरीच आहेत, ही माहिती तालुकावार जाहीर करावी, आणि त्यासमोर आपण काय करणार आहोत व कोणत्या तारखेपर्यंत, हेही लिहावे. आपल्या दैनिकाने ही माहिती जिल्हा परिषदांकडे मागावी आणि जी मिळेल ती, तसेच जी देण्याचे टाळले जाईल तीही, वाचकांसमोर ठेवावी, अशी आपणांस नम्र विनंती.

आपला,
एक निवृत्त केंद्रप्रमुख